मैनेची वाकडी मान

"घरी तरी बोलते का हो ही?" असं बालवर्गाच्या बाईंनी विचारल्यापासून मधुराने डोक्यात राख घालून घेतली होती. घरी गौरीचं तोंड मिटत नसे. तिच्या बडबडीने सिल्वासातल्या त्या फ्लॅटच्या भिंतींचेही कान किटले असतील. पण शाळेच्या फाटकातून आत पाऊल पडलं की पोरगी मुकी! म्हणून वेशभूषा स्पर्धेच्या चिठ्ठीत गौरीला 'मैना' आली तेव्हा मधुराला तो शुभशकुनच वाटला. मैना बोलते, मग गौरीही बोलेल. फक्त दोन वाक्यं. 'मी डोंगरी मैना. मी माणसासारखी बोलते.'

"सोपं आहे. तपकिरी फ्रॉक आणि पिवळी चोच," तिचा नवरा प्रमोद म्हणाला. तो मसाटच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता आणि घरातले सगळे प्रश्न एका वाक्यात सोडवायचा.

"अरे, ती साळुंकी! डोंगरी मैना काळी असते. डोळ्याखालून मानेपर्यंत पिवळी कातडी लोंबते तिची. हे बघ."

मोबाइलवर तिने एक जुनं चित्र शोधून काढलं होतं. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने रंगवलेलं, पीस न् पीस मोजून घ्यावं असं. प्रमोदने ते मोठं करून पाहिलं.

"हिची मान अशी का? मोडल्यासारखी?"

"ती ऐट आहे."

प्रमोदने खालची माहिती मोठ्याने वाचली. "'त्या काळी कॅमेरे नव्हते. चित्रकार आधी पक्ष्याला गोळी घालत, मग पेंढा भरत आणि मग समोर ठेवून चित्र काढत.' मधुरा, मेलीय गं ही!"

"मेली?" मांडीवरच्या गौरीने डोळे मोठे केले. "गोळी घालून?"

मधुराने मोबाइल हिसकावला. "पोरीसमोर काय वाचतोस! एक गोष्ट शास्त्रशुद्ध करायला निघाले, तर त्यातही कुचेष्टा!"

शिंप्याकडे तर कहरच झाला. काळा सॅटिनचा झगा शिवून झाला होता, पिवळ्या मखमलीच्या पट्ट्या लावायच्या राहिल्या होत्या.

"बेन, आ तो कागडो छे," शिंपीभाई म्हणाले.

"कावळा नाही, मैना आहे!"

"तो ये पीला क्या है? कागडे को पीलिया हुआ?"

मधुराने त्यांना चित्र दाखवलं. भाईंनी चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बेन, बीमार तो है."

त्या दिवसापासून मधुराने गौरीला चित्रातल्यासारखंच उभं राहायला शिकवलं. मान डावीकडे पाडलेली, नजर स्थिर, एक पाय आखडलेला. काही चुकलं असं उद्या कुणी म्हणायलाच नको!

स्पर्धेच्या दिवशी पोपट आले, मोर आले, नाच करून गेले. मुख्य पाहुणे म्हणून प्रमोदच्याच कंपनीचे जनरल मॅनेजर बसले होते, त्यामुळे प्रमोद सकाळपासून ताठ होता. सूत्रसंचालन चित्रकलेचे निलेश सर करत होते. गौरीचं नाव पुकारलं गेलं. गौरी आली, मान पाडली, पाय आखडला, नजर स्थिर केली. आणि गप्प.

"बोल ना बाळा," मधुरा पहिल्या रांगेतून पुटपुटली. गौरीची पापणीही हलली नाही.

निलेश सरांनी प्रसंग सावरला. "तर मित्रहो, हा कावळा—"

"कावळा नाही!" मधुरा उभीच राहिली.

सरांनी त्या वाकड्या मानेकडे नीट पाहिलं आणि त्यांना एकदम साक्षात्कार झाला. "खरंय! हा साधा कावळा नाहीच. हा धुराने मेलेला कावळा आहे! प्रदूषणावर केवढं मोठं भाष्य! पालकांसाठी टाळ्या!"

सभागृह दणाणलं. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र मावळलं. त्यांनी वळून प्रमोदकडे पाहिलं. प्रमोद खुर्चीत इतका घसरला, की मागच्यांना तो उठून गेलाय असं वाटलं.

"एक मिनिट," म्हणत साहेबांनी माइक घेतला. "आमच्या चिमणीला फिल्टर आहे. सर्टिफिकेटसुद्धा आहे. कुणी काही बोलायच्या आधी आपण हिलाच विचारू." ते गौरीपुढे वाकले. "बोल बेटा, न घाबरता बोल. तुला कोणी मारलं?"

प्रमोदने डोळे मिटले. मधुराने पदर मुठीत आवळला. गौरीने हळूच मान सरळ केली.

"चित्रकाराने," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "आधी गोळी घातली. मग पोटात पेंढा भरला. मग चित्र काढलं."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. ते सावकाश वळले आणि त्यांनी निलेश सरांकडे पाहिलं. मग सगळ्या सभागृहानेच पाहिलं.

"मी? अहो, मी फक्त फळं काढायला शिकवतो!" सर म्हणाले. तेवढ्यात पहिल्या रांगेतला पोपट भोकाड पसरून आईच्या मागे लपला, आणि त्याचं बघून मोरही.

पहिलं बक्षीस साहेबांनी स्वतःच्या हाताने गौरीला दिलं.

स्कूटरवर मागे बसून मधुराने प्रमाणपत्र उलगडलं आणि ती किंचाळली, "गाडी फिरव!"

"आता काय?"

"'वेशभूषा: कावळा, कंसात मृत'! शाई वाळली नसेल अजून. त्यांना बदलायला लावते. एवढं सगळं शास्त्रशुद्ध करून शेवटी कावळाच?"

प्रमोदने नरोलीच्या चौकात गाडी थांबवली. तेवढ्यात दोघांच्या मध्ये दबलेल्या गौरीने तोंड वर काढलं आणि सिग्नलला थांबलेल्या एका ट्रकवाल्याला मोठ्याने सांगितलं, "मी डोंगरी मैना! मी माणसासारखी बोलते!"

"अरे वा!" ट्रकवाला म्हणाला.

मग शेजारच्या रिक्षावाल्याला सांगितलं. मग फुगेवालीला.

"फिरवू का गाडी?" प्रमोदने विचारलं.

मधुराने प्रमाणपत्राची घडी घालून ते पर्समध्ये कोंबलं.

"नको. सिग्नल सुटेपर्यंत बोलू दे तिला."