शेवटची ओळ वाचा

जेवणं आटोपून सगळे हात पुसत बाहेरच्या खोलीत येत होते, तेवढ्यात धाकट्या जावयांनी खिशातून फोन काढला आणि जाहीर केलं, "ई-मेलची एक नवीन सेवा निघतेय. वेबवरच चालणारी. सगळ्यांना खुली व्हायला वेळ आहे, पण आत्ता थोड्या लोकांना आधी आत घेतायत. मी नंबर लावलाय."

"आहे त्या ई-मेलला काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, आहे तिथं धड नावं उरलीयत कुठे? ज्याच्या त्याच्या नावाला आकड्यांचं शेपूट. इथे पाटी कोरी आहे. जो आधी शिरेल त्याला पाहिजे ते नाव. माझा पत्ता ठरलाय. नुसतं 'जावई'. पुढे आकडा नाही, मागे टिंब नाही."

"शोभेल हो तुम्हाला!" सासूबाई म्हणाल्या.

कोपऱ्यातल्या खुर्चीत थोरले जावई पाणी पीत होते. त्यांना जो ठसका लागला तो बायकोने पाठीत चार धपाटे घातल्यावरच थांबला. या थोरल्यांचं बाजारात चष्म्याचं दुकान होतं आणि सगळा बाजार त्यांना चष्मेवाले म्हणत असे. या घरात जावई म्हणून पहिलं पाऊल त्यांचं पडलं होतं. सासूबाईंचं लोखंडी कपाट जिन्यावरून वर चढवताना कंबर त्यांची धरली होती. गळका नळ, अडकलेली कडी, न लागणारा टीव्ही, सगळ्याला हाक त्यांनाच. आणि "शोभेल हो तुम्हाला" मात्र विमा कंपनीत बसून गोड बोलणाऱ्या या साडूला.

घरी परतताना रस्ताभर ते एकच वाक्य घोळवत होते. "हा जावई, तर मी कोण? जावई दोन?"

"अहो, ई-मेलचा पत्ता तो. त्यात काय एवढं?" बायको म्हणाली.

"एवढं काय? उद्या तुझी आई फोनमध्ये 'जावई' शोधेल, तर कोण निघेल?"

बायकोकडे याला उत्तर होतं, पण तिने ते गिळलं. वाद घालून उपयोग नव्हता. नवरा एकदा हट्टाला पेटला की त्याला विझवायचं नाही, आपोआप थंड होऊ द्यायचं, हे ती संसारात शिकली होती.

साडूच्या बायकोने, म्हणजे मेहुणीने, त्याच संध्याकाळी कौतुकाने आपल्या नवऱ्याची लिंक सगळ्या नातेवाइकांना पाठवली. 'यावरून नाव नोंदवा, म्हणजे ह्यांचा नंबर वर सरकेल.' व्यवस्था अशी होती की नाव नोंदवलं की प्रत्येकाला रांगेतला नंबर आणि स्वतःची वेगळी लिंक मिळे. त्या लिंकवरून जितकी माणसं येतील तितकं आपण पुढे.

चष्मेवाल्यांनी दात-ओठ खात साडूच्याच लिंकवरून नाव नोंदवलं. दुसरा दरवाजाच माहीत नव्हता. नंबर इतका लांबचा आला की तो वाचतानाच दमायला झालं. पण हरकत नाही, आता त्यांचीही लिंक होती. बायकोने तीही त्याच संदेशाखाली चिकटवून ठेवली. वर साडूची, खाली त्यांची. दिसायला जुळ्या बहिणी, फरक काय तो शेवटच्या चार अक्षरांत.

फोन हातभर लांब धरून, मान मागे नेऊन, डोळे बारीक करून ते बघू लागले.

"चाळिशी लावा की," बायको म्हणाली. "दुकानभर चष्मे आहेत. दिव्याखाली अंधार तो हाच."

"मला स्पष्ट दिसतंय."

चाळिशी लागून त्यांना काही वर्षं झाली होती, पण मान्य करायची तयारी नव्हती. धाकट्या साडूला अजून लागलेली नसताना आपण लावायची म्हणजे काय? त्यांनी अंदाजाने बोट टेकवलं, एक लिंक उचलली आणि दुसऱ्या दिवशी ती छापून घेतली.

कुठे लावायची हा प्रश्नच नव्हता. डोळे तपासायच्या तक्त्यावर वरून खाली अक्षरं लहान होत जातात. त्यातल्या शेवटच्या ओळीखाली त्यांनी लिंकची पट्टी चिकटवली. आता जो कोणी डोळे दाखवायला येई त्याला ती वाचल्याशिवाय सुटका नव्हती.

पहिले सापडले निवृत्त मास्तर.

"शेवटची ओळ वाचा."

"नाही दिसत."

"नाही ना? आता फोनवर टाका, मोठी दिसेल. हं, आता खाली नाव लिहा. बटण दाबा."

"यानं नंबर वाढतो का?"

"वर सरकतो."

"माझ्या चष्म्याचा नंबर विचारतोय मी."

"तोही बघू. आधी बटण दाबा."

शिंपीकाका आले ते फक्त सैल झालेली दांडी घट्ट करायला. त्यांनाही खुर्चीत बसवून पट्टी वाचायला लावली. त्यांना सुई ओवायची सवय, त्यांनी ती घडाघडा वाचली. डोळे ठणठणीत निघाल्याचं बघून नेहमी चष्मेवाल्यांचा चेहरा पडायचा, या वेळी त्यांनी काकांना मिठी मारली. बायकोला दुकानात बसल्या बसल्या हे सगळं दिसत होतं. ती हिशेबाच्या टेबलामागून कपाळाला हात लावत होती.

तरी माणसं कमी पडतात असं वाटल्यावर चष्मेवाल्यांनी पुढचं पाऊल टाकलं. दारात पाटी लागली: 'शेवटच्या ओळीवरून नाव नोंदवा. आत प्रवेश मिळाला की कळवा, काच पुसायचं मऊ कापड फुकट.' फुकट म्हटल्यावर ज्यांना चष्माच नाही तेही येऊ लागले. इस्त्रीवाल्या बाई घरातल्या सगळ्यांचे फोन पिशवीत घालून घेऊन आल्या. मास्तरांनी आपले जुने विद्यार्थी आणले. दुकानासमोर एवढी रांग लागली की शेजारच्या औषधवाल्याला वाटलं, डोळ्यांची साथ आली आहे. त्याने घाईघाईने डोळ्यांत घालायच्या थेंबांचा साठा मागवून ठेवला.

चष्मेवाल्यांचा नंबर मात्र जागचा हलेना.

"कंपनी मोजत नसेल अजून," ते म्हणाले. "एकदम मोजतील."

त्याच दुपारी साडूचा फोन आला. आवाजात साखर सांडत होती.

"साडूभाऊ, काय सांगू! मी बोटसुद्धा हलवत नाहीये आणि माझा नंबर सरसर वर चाललाय. ऑफिसमध्ये चारजणांनी नाव नोंदवलं असेल फार तर. पुण्याई म्हणतात ती हीच."

"छान," चष्मेवाले म्हणाले आणि फोन ठेवून त्यांनी एका दिवसात इतके डोळे तपासले की शेवटी त्यांच्याच डोळ्यांना पाणी आलं.

आठवडा संपायच्या आत साडू आत शिरले. पत्ता: नुसतं 'जावई'. त्यांनी तो लगेच ऑफिसच्या कार्डांवर छापून घेतला, साहेबांपासून शिपायापर्यंत वाटला आणि एक कार्ड सासूबाईंच्या हातात दिलं. ते कार्ड कपाटाच्या आरशाला लावलं गेलं. त्याच कपाटाच्या, जे चढवताना थोरल्यांची कंबर धरली होती. हे बायकोकडून कळलं तेव्हा चष्मेवाले नुसत्या फ्रेमा पुसत बसले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, आणि एवढ्याशा गोष्टीचं वाईट वाटतंय याचंही वाईट वाटत होतं.

अशात सासूबाई दुकानात आल्या. त्यांचा नवा चष्मा तयार होता. चष्मेवाल्यांनी तो स्वतःच्या हाताने त्यांच्या कानांवर बसवला, नाकावर जरा दाबून पाहिला, दांडी किंचित वाकवली आणि तक्त्यासमोर बसवलं. सासूबाई वरून खाली वाचत निघाल्या. कुठे अडखळल्या नाहीत.

"काय सुरेख दिसतंय हो! आणि ही शेवटची... अहो, ही तर धाकट्या जावयांची लिंक. मला पण पाठवली होती."

"नाही आई, ती माझी."

"तुमची कशी? ही बघा माझ्या फोनात. शेवटची चार अक्षरं तीच."

चष्मेवाल्यांनी फोन घेतला. हात लांब केला. आणखी लांब केला. हात संपला. सासूबाईंनी नाकावरचा चष्मा काढला आणि पुढे धरला.

"घ्या. लावा."

जांभळ्या फ्रेमचा, दांड्यांवर नक्षी असलेला तो चष्मा लावून चष्मेवाले फोनकडे बघत राहिले, मग तक्त्याकडे, मग परत फोनकडे. इतकं स्वच्छ त्यांना कित्येक दिवसांत दिसलं नव्हतं, आणि जे दिसलं ते बघवत नव्हतं.

"म्हणजे त्यांना आत ढकललंत ते तुम्ही?" सासूबाईंनी विचारलं.

"ढकललं कसलं, खांद्यावर बसवून नेलं." चष्मेवाले मटकन खुर्चीत बसले. "मला तो पत्ता हवा होता, आई. नुसतं 'जावई'. तुम्ही त्यांना शोभेल म्हणालात ना."

सासूबाई आधी हसल्या. मग त्यांना नीट पाहिल्यावर हसायच्या थांबल्या.

"अहो, धाकट्यांना शोभण्याबिभण्याचीच हौस, म्हणून तसं म्हटलं. त्यांना काम सांगायचं तर पत्ता लागतो, वेळ घ्यावी लागते. तुमचा पत्ता मला कधी लागलाय का? काही अडलं की मी सरळ उठून इथं येते." त्यांनी हात पुढे केला. "आता माझा चष्मा द्या, आणि तुमचा तुम्ही करून घ्या."

चष्मेवाल्यांनी त्याच दिवशी स्वतःला चाळिशी केली. पैसे बायकोने मागितले.

पुढच्याच आठवड्यात कंपनीने दार मोकळं केलं आणि रांगेतली सगळी माणसं आत आली. आत येणाऱ्या प्रत्येकाला पडद्यावर दिसलं: 'तुम्हाला बोलावणारे: जावई.' चष्मेवाले कुणाचे तरी जावई असणारच, असं म्हणून सगळ्यांनी पाटीवरच्या शब्दाला जागून त्याच पत्त्यावर कळवलं.

संध्याकाळी साडूचा फोन आला. साखर पार विरघळली होती.

"साडूभाऊ, हे मास्तर कोण? 'आत शिरलो, कापड कधी?' म्हणून विचारतायत. शिंपीकाका म्हणतात दांडी परत सैल झाली. कुणी इस्त्रीवाल्या बाई आहेत, त्यांना घरातल्या सगळ्यांची कापडं वेगवेगळ्या रंगांत पाहिजेत. आणि एकाने तर विचारलंय, डावा डोळा फडफडतो, येऊ का?"

"मग या म्हणावं."

"अहो, साहेबांचं पत्र या कापडांखाली गाडलं गेलं! पत्ता बदलावा तर कार्डं छापलीयत, वाटलीयत. तुम्ही घेता का हो हा पत्ता? तुम्ही थोरले. मान तुमचा."

चष्मेवाल्यांनी चाळिशी कपाळावर सरकवली. समोर आरशात त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता आणि तो बरा दिसत होता.

"छे छे," ते म्हणाले. "तुम्हालाच शोभतो तो."

फोन ठेवून ते वळले. खुर्चीत नवं गिऱ्हाईक बसलं होतं. बायको हातात ओला बोळा घेऊन तक्त्याखालची पट्टी खरवडून काढायला निघाली होती. चष्मेवाल्यांनी तिला खुणेनेच थांबवलं.

"ही शेवटची बारीक ओळ पण वाचायची का?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"वाचा की. फोनवर टाका, नाव नोंदवा," चष्मेवाले म्हणाले. "आणि चष्म्याची काही तक्रार असली, तर तिथेच कळवत जा."