नागोजीचे शॉकअप

तेव्हा तिथं आम्ही चौघं होतो. मी, माझा धाकटा भाऊ नागोजी, त्याची लेक सविता आणि शेजारचा बसण्णा. कानडी मुलखात, आनेकलच्या बाजूला, बंद कारखान्याच्या आवारात.

नागोजीला एक खोड आहे. उभी गाडी दिसली की मागनं दोन्ही हातांनी दाबतो आणि कशी वर येते ते बघतो; त्यावरनं धक्के सोसणारे शॉकअप धड आहेत का ते कळतं म्हणे. लग्नात नवरदेवाची गाडी दाबली. एकदा पोलिसाची जीप दाबली, आत साहेब झोपलेला. वर त्यालाच म्हणतो, "सर, तुमचं मागचं गेलंय."

सविता बँकेत आहे. सुट्टीला गाडी पळवती. सरळ रस्त्यावर दोन गाड्या एकदम सोडतात, तसली शर्यत. तिच्या गाडीला मागचे शॉकअप कुठले घालायचे, याच्यापायी घरात कुणाला घास गिळंना. कडक घातले तर सुटताना चाकं जागीच फिरतात, गाडी आडवी जाती. फार मऊ घातले तर मागनं बसती, पुढची चाकं हलकी पडतात, वळवायला हातात काही राहत नाही. दोन्हीकडनं मरण. माझे मालक लॉरीच्या अपघातातच गेले. तेव्हा मी रडत बसले नाही, लोकांच्या चपात्या लाटून पोरं वाढवली. पण या गाडीला मी भ्यायचे.

"अक्का, मागं बस," नागोजी म्हणाला. "डोळं खोटं सांगतंय, बूड खरं सांगतंय."

"मग तुझं बूड बसव की!"

"मला गाडी लागती."

बसण्णा हसला. "सरी, बरं अक्का, स्वल्प देवाचं नाव घ्या."

मागं सीट नव्हती, नुसतं पोतं. पट्ट्यानं बांधलं मला, पुढं चालवायला सविता. कडक जोडीला गाडी शेपूट हलवत गेली, मऊ जोडीला नाक वर करून. मी ओरडायचंबी विसरले. मधली जोडी घातली तेव्हा म्हणलं, "खाली बसली, मग रस्ता धरून राहिली." तीच घातली, माझ्या शब्दावर.

शर्यतीला नागोजी रस्त्याकडं पाठ करून उभा.

"बघ की रे!"

"तू बघ, अक्का."

गाडी सुटल्याचा आवाज आला तसा तो खालीच बसला. माझा हात धरला.

"सरळ गेली?"

"सरळ."

"थांबली?"

पुढं धूळच धूळ. मग धुळीतनं सविताचा हात वर झाला.

"थांबली रे."

तसाच बसून रडला. जिंकली का हरली, ते विचारलंच नाही.

आता माझे गुडघे गेले, शर्यतीला तो एकटाच जातो. तुम्ही कधी तिथं गेलात आणि रस्त्याकडं पाठ करून बसलेला म्हातारा दिसला, तर गाडी थांबली, एवढं त्याला सांगा.