एकदाच विचारायचं

जर्मन माणूस कसा वागतो, हे विचारावं तर नंदिनीला! जर्मन साहित्य आणि संस्कृती घेऊन एम.ए.चं दुसरं वर्ष, त्यात ‘जर्मन घरातले शिष्टाचार’ या विषयावर तिचा निबंध वर्गात पहिला आलेला. १९८६ साली नेरूळच्या सिडको इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहून माणसाला जेवढं जर्मन होता येतं, तेवढी ती झाली होती. जर्मनी तेवढी बघायची राहिली होती.

तोही योग आला. विद्यापीठातून एकाच विद्यार्थ्याला वर्षभरासाठी तिकडे पाठवणार होते. नाव ठरवणार होत्या वर्षापूर्वी जर्मनीहून शिकवायला आलेल्या आणि एव्हाना मराठीही बोलणाऱ्या होल्त्समानबाई. शेवटच्या दोघांत नंदिनी आणि तिच्या वर्गातला सुभाष होते, आणि बाई स्वतःहून म्हणाल्या, “रविवारी तुझ्या घरी जेवायला येते. तुझी माणसं बघायचीत.”

परीक्षा तिची, आणि पेपर लिहिणार आई-बाबा!

“नीट ऐका,” तिनं घरात फर्मान काढलं. “जर्मन माणसाला आग्रह चालत नाही. एकदाच विचारायचं. नको म्हटलं की नको!”

“अगं, पाहुणा पहिल्यांदा नकोच म्हणतो!” आई, म्हणजे जयमालाबाई, चक्रावल्याच. त्यांच्या चिपळूणच्या माहेरी जेवणाऱ्याला पाटावरून उठता येईना, की मग जेवण झालं असं समजत.

“तो आपला पाहुणा. ते लोक हवं असलं तर सरळ हो म्हणतात.”

“पहिल्यांदाच? आणि लाज नाही वाटत?”

“आई!!”

बाबा कमळाकर मंत्रालयात नोकरीला. त्यांना हुकूम कळत होता. ते पाहुणे होऊन तालमीला बसले. त्यांनी ‘नको’ म्हणायचा अवकाश, आईनं ताटात वडा टाकलाच! पुन्हा तालीम, पुन्हा वडा. बाबांची तक्रार नव्हती. शनिवार संध्याकाळपर्यंत आईचा हात कसाबसा आवरला.

रविवारी एकच्या ठोक्याला बेल वाजली. दारात खादीचा कुडता घातलेल्या होल्त्समानबाई. चपला बाहेर काढून, हात जोडून म्हणाल्या, “नमस्कार!”

टेबलावर शेजारच्या सारसोळे गावातून आणलेल्या ताज्या कोलंबीचं कालवण, वडे, भात, सोलकढी. नंदिनीच्या हुकुमावरून ताटात मात्र नुसतं मीठ आणि लिंबाची फोड. बाकी सगळं विचारून!

“कालवण वाढू?” आईनं विचारलं.

बाई गोड हसल्या, ताटावर हात आडवा धरला. “नको, नको.”

आईचा डाव तरी ताटाकडे निघालाच. नंदिनीनं डोळे वटारले. डाव मुकाट्यानं पातेल्यात परत गेला.

“वडे?” बाबा म्हणाले.

“नको हो.”

बाबांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं. भाताचंही तेच झालं, सोलकढीचंही तेच झालं! आता पाहुणीनं घास घेतल्याशिवाय घरच्यांनी कसं जेवायचं? चौघंजण रिकाम्या ताटांसमोर बसून नेरूळच्या पाणीपुरवठ्यावर बोलू लागली. नंदिनी मनातल्या मनात कारणं शोधू लागली. बाईंना वास सोसत नाही का? बरं नाही का? की आम्हीच आवडलो नाही?

बाईंनी पातेल्याकडे बघत लिंबाची फोड चोखली. “वास फार छान येतोय,” त्या हळूच म्हणाल्या.

“हो, रविवारी येतो,” बाबा नम्रपणे म्हणाले.

पुढं अर्ध्या तासानं बाई उठल्या. गेली जर्मनी! रडू आवरत नंदिनी त्यांना बसस्टॉपपर्यंत सोडायला गेली. बघते तर बाई स्टॉप ओलांडून थेट वडापावच्या गाडीवर! उभ्या उभ्या दोन संपवले, तिसरा हातात घेतला.

“बाई, आमच्याकडचं आवडलं नाही का हो?” नंदिनीनं धीर करून विचारलं.

“आवडायला मिळालं कुठं? मी वर्षभर इथली रीत शिकतेय! पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा ‘बरं, थोडंसं’. माझं ‘थोडंसं’ तोंडात तयार होतं. पण दुसऱ्यांदा कुणी विचारेल तर शपथ!”

नंदिनीनं खाली मान घालून सगळी तालीम सांगितली. बाई इतक्या हसल्या की ठसका लागला. ते हसणं बघून तिला उगीच आशा वाटली.

“मग... माझ्या जाण्याचं?”

बाईंनी डोळे पुसले. “तुला कशाला पाठवू? तुमच्याकडे सगळं जर्मन झालेलंच आहे! सुभाषला पाठवते. गेल्या रविवारी त्याच्या आईनं मला इतकं वाढलं, की दोन माणसांनी धरून उठवलं. जर्मनीची खरी गरज त्या घराला आहे.”

बस आली, बाई गेल्या. नंदिनी तीन मजले चढून वर आली तेव्हा आई-बाबा कोलंबीवर ताव मारत होते. ती भिंतीला टेकून खाली बसली. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता.

“जेवतेस ना गं?” आईनं डाव उचलला.

“नको,” नंदिनी मुसमुसत म्हणाली.

आईनं डाव खाली ठेवला आणि पातेल्यावर झाकण घातलं.