दहाचाकीचा हॉर्न

रस्त्यावर वळण आलं की आमचे घरमालक बबनतात्या पिकअप बाजूला घेतात, हँडब्रेक ओढतात, खाली उतरतात आणि चालत पलीकडे जाऊन समोरून कोणी येतंय का ते बघून येतात. मग गाडीत बसतात आणि लांबलचक हॉर्न मारतात.

मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तात्या, रस्ता मोकळा आहे हे आत्ताच बघून आलात ना? मग हॉर्न कशाला?"

"मी परत येऊन बसंस्तवर कुनी आलं आसंल तर? कळवलेलं बरं, बाई."

आमच्या रिहे गावापासून माझ्या शाळेपर्यंत अशी अकरा वळणं आहेत. मी सकाळच्या शाळेत तिसरीचा वर्ग घेते, तात्यांच्याच घरात एका खोलीत भाड्यानं राहते आणि रोज सात वाजता त्यांच्या गाडीतून जाते. तात्या पुढे महाळुंग्याच्या नव्या सोसायट्यांना दूध आणि भाजी पोचवायला जातात. एसटीनं गेले तर मी वीस मिनिटं आधी पोचेन. पण त्यांना तसं सांगायची माझी छाती नाही, कारण मग एसटीच्या ड्रायव्हरचा स्वभाव कसा आहे याची चौकशी सुरू होईल.

"कळवलेलं बरं" हा तात्यांच्या आयुष्याचा पाया आहे. घरातून निघताना ते गिऱ्हाइकांना फोन करतात, पोचल्यावर करतात आणि मध्ये गाडी थांबवून "अजून पोचलो न्हाई" असंही कळवतात. म्हशीच्या कासेला हात लावण्याआधी तिला दोनदा सांगतात. माझ्या खोलीचं दार वाजवण्याआधी अंगणातून खोकतात, पायरीवर खोकतात, आणि दार वाजवून झाल्यावर "मी हाय, बबन" म्हणतात. माझा स्वतःचा जीव मुळात चिमणीएवढा. त्या तीन खोकल्यांत काय वाईट बातमी आली असेल याचे सगळे प्रकार माझ्या मनात येऊन जातात. बातमी बहुतेक एवढीच असते की पाण्याची मोटर चालू करतोय.

अशा माणसानं कंपनीच्या हॉर्नवर भागवावं ही अपेक्षाच चूक. मी राहायला आले तेव्हा गाडीला तो मूळचा "पीं" करणारा हॉर्न होता. चार महिन्यांनी डबल हॉर्न आला. त्यानंतर एक म्युझिकल हॉर्न आला. तो सुरू झाला की आपला आपण संपेपर्यंत थांबायचाच नाही. एका अंत्ययात्रेला रस्ता देताना तात्यांचा चुकून त्यावर हात पडला आणि पुढचे तीन दिवस ते त्या घरी माफी मागायला जात होते.

आणि यंदा आला प्रेशर हॉर्न. घोटावडे फाट्यावरच्या एका भंगारवाल्याकडे मोडीत आलेल्या ट्रकचे तीन लांब कर्णे तात्यांना दिसले आणि त्यांचे डोळे भरून आले. हे मी स्वतः पाहिलंय. बसवणारा वायरमन म्हणाला, "तात्या, ह्यो दहाचाकीचा हाय. तुमची गाडी केवढी, ह्येचा आवाज केवढा."

"चाकं कमी हायेत एवढंच," तात्या म्हणाले. "तू बसव."

कर्णे टपावर बसले. हवेची टाकी बसवायला मात्र एकच जागा सापडली, माझ्या सीटखाली. कॉम्प्रेसर हवा भरायला लागला की खालून घुर्र घुर्र सुरू होतं आणि मी देवाचं नाव घेते. टाकी फुटत नाही असं वायरमननं मला शपथेवर सांगितलंय, पण तो कधी तिच्यावर बसलेला नाही.

त्या हॉर्ननं काय काय झालं ते थोडक्यात सांगते. महाळुंग्याच्या एका सोसायटीत बाराव्या मजल्यापर्यंतची माणसं आग लागली समजून जिन्यानं खाली आली. आमच्या गावाबाहेरच्या फार्महाऊसवाल्यांचा कुत्रा पलंगाखाली गेला तो दोन दिवस जेवला नाही. शाळा सुटायच्या आधी तात्या तिच्यावरून परत जाताना हॉर्न मारतात, तेव्हा माझ्या अख्ख्या वर्गाची वेलांटी एकाच क्षणी घसरते. वह्या तपासताना मला हॉर्न कोणत्या शब्दाला वाजला ते नेमकं कळतं.

शेवटी तक्रार गेली. एका शुक्रवारी हवालदार येऊन तात्यांना सांगून गेले की सोमवारी सकाळी गाडी बघणार, कर्णे दिसले तर गाडी जमा. तात्या हो म्हणाले, चहा पाजला आणि कर्ण्यांना हातही लावला नाही. गाडी गेली तर धंदा गेला, हे सगळ्या गावाला कळत होतं. सरपंच म्हणाले, मुख्याध्यापक म्हणाले, मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे बघितलं. "बाईंचं ऐकतील."

रात्रभर काय बोलायचं त्याची मी उजळणी केली. शनिवारी गाडीत बसले, खालून घुर्र सुरू झालं आणि उजळणी सगळी विसरले. कसंबसं म्हटलं, "तात्या, हॉर्न काढा ना."

तात्यांनी गाडी काढली. रिह्याच्या वरच्या रस्त्यावर एक जागा आहे, तिथून खाली ओढ्याकाठची त्यांची भातखाचरं दिसतात. तिथे ते रोज थांबतात. मला वाटायचं वळण बघायला. आज त्यांनी मला खाली बघायला लावलं. हिरव्यागार भातात एक लाल ठिपका वाकून बेणणी करत होता, तण उपटत होता. त्या तात्यांच्या बायको, काकू. तात्यांनी हॉर्न मारला. माझ्या सीटखालची टाकी हादरली, मीही हादरले. खाली लाल ठिपक्यानं हात वर केला.

तात्यांनी श्वास सोडला. दोन वर्षांत मला पहिल्यांदाच समजलं की घरापासून इथपर्यंत हा माणूस श्वास धरून गाडी चालवतो.

"एकटी असती वो खाली," ते म्हणाले. "रानडुकरं हायेत, जनावर हाय. हात वर आला की मी जातो. आदी साध्या हॉर्नला हात यायचा. मग येईना. डबल लावला, आला. मग परत येईना."

"म्हणजे काकूंना ऐकू कमी..."

"हात येतोय ना वर," तात्या एकदम म्हणाले. "हॉर्न काढला आन हात आला न्हाई, तर मी फुडं कसा जाऊ, बाई? सांगा तुमीच."

काकूंचं ऐकणं कमी झालंय हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, कारण काकूंशी बोलताना समोरच्यावर ऐकण्याचीच वेळ येते. त्या आपल्या तोंडाकडे टक लावून बघत राहतात आणि सतत बोलतात. मला ते प्रेम वाटायचं.

मग मीच एक युक्ती काढली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी काकूंबरोबर शेतात जाऊन बसेन. तात्यांनी वरून आधी डबल हॉर्न मारायचा, तो अजून गाडीवर होताच. तो ऐकू आला तर प्रेशर हॉर्न काढून टाकायचा. नाही आला तर मोठा मारायचा आणि पुढचं पुढे. तात्या कसेबसे तयार झाले. त्या दिवशी ते मला शाळेपाशी सोडताना हॉर्न मारायचे विसरले, इतके घाबरले होते.

रविवारी सकाळी मी काकूंजवळ बांधावर बसले. बाजूला म्हशी चरत होत्या, त्यांच्या पायात दहा-बारा बगळे फिरत होते. काकू बेणता बेणता त्यांच्या धाकट्या जावेबद्दल सांगत होत्या. माझं त्यात लक्ष नव्हतं. वर गाडी येऊन थांबलेली मला दिसली.

डबल हॉर्न वाजला. मला स्पष्ट ऐकू आला. काकू जावेवरून जावेच्या सुनेवर गेल्या.

मग मोठा वाजला. त्या दरीत तो असा घुमला की मी कानांवर हात ठेवले. काकूंच्या बोलण्यात साधा खंड पडला नाही. पण म्हशींच्या पायातले सगळे बगळे एकदम उडाले. काकूंनी वर बघितलं, आणि सुनेचं वाक्य पुरं करत करत हात वर केला.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि हात हळूच खाली घेतला.

"कळलं व्हय तुमाला?" त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"दोन वरसं झाली. जरा बी ऐकू येत न्हाई." त्यांनी हातातलं तण बांधावर ठेवलं. "बगळं उडालं की मी समजती, ह्ये आलं. पर मेली सवकत्यात वो. चार-सा म्हयनं झालं की हॉर्नला भीत न्हाईत, उडत न्हाईत. मग माझा हात चुकतो आन ह्ये नवा हॉर्न घिऊन येत्यात. जीवाला लई लावून घेनारा मानूस. कळलं तर धंदा सोडून बांधावर येऊन बसतील. सांगू नका, बाई. चाळीस वरसं ऐकलं का, ऐकलं का करून हाक मारली ह्यांनी मला. आता कसं सांगू, की न्हाई ऐकलं म्हनून?"

उद्या हॉर्न काढावा लागणार आहे, हे मी त्यांना तोंडापुढे तोंड नेऊन सांगितलं. त्यांनी नीट बघितलं, समजून घेतलं, आणि परत वाकून बेणायला लागल्या. पण तण सोडून भाताचीच रोपं उपटत होत्या.

वरच्या रस्त्यापर्यंतचा चढ चढेपर्यंत मी ठरवलं होतं, खोटं बोलायचं. तात्या गाडीला टेकून उभे होते, टॉवेलनं हात पुसत. कोरडेच हात.

"मोठा आला ऐकू," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

तात्या खाली बघत राहिले. "आन बगळं?" त्यांनी विचारलं. "समदं उडालं का?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"हितनं समदं दिसतंय, बाई. आदी बगळं उडत्यात, मग तिचा हात वर येतो. उलटं एकदा बी झालं न्हाई." त्यांनी टपावरच्या कर्ण्यांकडे बघितलं. "ह्यो काय तिच्यासाटी बसवलाय व्हय? बगळ्यांसाटी हाय."

"मग डॉक्टरकडे का नाही नेलंत, तात्या?" मला राग आला होता आणि रडूही येत होतं.

"डाक्टर म्हनला आसता, आता काय व्हनार न्हाई, तर?" ते म्हणाले. "तिला वाटतंय मला ठावं न्हाई. तेवढ्यावर ती खुशीत शेतात येती. मी भ्यालो, बाई. रोज भ्यालोय."

मग तात्यांनी गाडीची चावी माझ्या हातात दिली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि बांधाबांधानं खाली उतरायला लागले. मी वरूनच बघत होते. बगळे परत येऊन बसले होते. त्यांच्यामधून ते चालत गेले तरी एकही उडाला नाही. काकूंची त्यांच्याकडे पाठ होती. ते वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, काकू सरळ झाल्या, आणि तात्या काहीतरी बोलले. एवढ्या लांबून मला काय ऐकू येणार? दोनच शब्द असावेत.

काकू त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या. मग त्यांनी मान डोलावली.