ड्युएनचे रीतसर शिक्षण

मेपल फॉर्क या गावी बारटेंडर कसे व्हावे, हा प्रश्न गेल्या वर्षापर्यंत कुणाला पडलेला नव्हता. प्रश्नच नसल्यामुळे उत्तर सगळ्यांना ठाऊक होते. जागा रिकामी झाली, की बारची मालकीण लोर्ना कुबियाक हात पुसत काउंटरमागे उभी राही, समोरच्या स्टुलांवरच्या ओळीवरून एकदा नजर फिरवी, आणि जो त्यातल्या त्यात शुद्धीवर दिसेल त्याला म्हणे, "उठ. आत ये." तो उठून आत जाई. नेमणुकीची प्रक्रिया एवढ्यावर पूर्ण होई.

हार्लनच्या वेळी तर एवढेही करावे लागले नव्हते. तो लघुशंकेला म्हणून उठला, परतताना चुकून काउंटरच्या पलीकडच्या बाजूने आला, आणि कुणीतरी त्याच्याकडे बिअर मागितली. पुढे त्याचे केस तिथेच पांढरे झाले. मागच्या हिवाळ्यात त्याच्या गुडघ्यांनी बर्फाशी असहकार पुकारला, तेव्हा तो ॲरिझोनाला लेकीकडे राहायला गेला आणि जागा रिकामी झाली.

त्या शुक्रवारी आम्ही नेहमीसारखे ओळीने बसलो होतो. विस्कॉन्सिनमध्ये शुक्रवारी बारोबारी मासा तळतात, आणि मासा तळला जात असताना जो घरी बसतो त्याच्या प्रकृतीची शेजारी चौकशी करतात. मी वेंडेल, शाळेच्या बसचा निवृत्त ड्रायव्हर. माझ्या शेजारच्या स्टुलावर ड्युएन स्टेलमाख. कागदाची गिरणी बंद पडल्यापासून ड्युएनला काम नव्हते. त्याची बायको शेरिल इस्पितळात दोन-दोन पाळ्या करत होती, आणि ड्युएन घरी तेच गॅरेज पुन्हा पुन्हा आवरत होता. त्याला ही जागा हवी होती. इतकी हवी होती, की शुद्धीवर दिसावे म्हणून तो संध्याकाळभर लिंबाचे सरबत पीत बसला होता.

लोर्नाने हात पुसले. तिची नजर ओळीवरून फिरली आणि ड्युएनवर थांबली.

"ड्युएन, उठ. आत ये."

आम्हा सगळ्यांना बरे वाटले. आता ड्युएनने फक्त उठायचे होते. पण ड्युएन पडला प्रामाणिक माणूस. गिरणीत दर सोमवारी सुरक्षेचे नियम मोठ्याने वाचून दाखवायचे काम त्याच्याकडे होते.

"अगं लोर्ना," तो म्हणाला, "पण मला येत नाही."

"काय येत नाही?"

"बारटेंडिंग."

हा शब्द त्या बारमध्ये प्रथमच उच्चारला जात होता.

"अरे, बाटली उघडायची, ओतायची, बंद करायची," लोर्ना म्हणाली. "त्यात न येण्यासारखं काय आहे? इतकी वर्षं बघतोयस की."

"या बाजूने बघतोय. त्या बाजूचं वेगळं असणार. मी असं करतो, रीतसर शिकून येतो. तू जागा ठेव."

"ये बाबा शिकून," लोर्ना म्हणाली. "तोवर ज्याचं त्याने उठून घ्या रे."

त्या काळात आम्ही आपापले ओतून घेत होतो. कुणाचीही तक्रार आली नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

शेजारच्या शहरातल्या मॉलमध्ये, बंद पडलेले बुटांचे दुकान आणि बंद पडण्याच्या बेतात असलेले गाद्यांचे दुकान यांच्या मधोमध, पेयविद्या अकादमी होती. संचालक प्रेस्टन हॅवरकँप. याच खोलीत त्यांनी आधी घरे विकायला शिकवले होते आणि त्याच्याही आधी कुत्र्यांचे केस कापायला. भिंतीवरच्या चौकटी त्याच होत्या, आतला कागद तेवढा बदलत आला होता. ड्युएनबरोबर मीही गेलो होतो, कारण गाडी माझी होती.

"सर, तुम्ही स्वतः कुठल्या बारमध्ये होतात?" ड्युएनने अदबीने विचारले.

"मी शिक्षणक्षेत्रातला माणूस आहे," हॅवरकँप म्हणाले. "बारमध्ये असलेली माणसं काय शिकवणार? ती कामात असतात."

हे खोडून काढणे कठीण होते.

अकादमीतला काउंटर अस्सल होता, आणि मागच्या फळ्यांवर बाटल्याही दाटीने मांडलेल्या होत्या. त्यांत दारू मात्र नव्हती. मॉलमध्ये दारूला मनाई असल्याने सगळ्या बाटल्या रंगीत पाण्याने भरलेल्या होत्या. व्हिस्कीच्या बाटलीत चहाच्या रंगाचे पाणी, ब्रँडीच्या बाटलीतही चहाच्याच रंगाचे. जिनच्या बाटलीत नुसते पाणी. व्होडकाच्या बाटलीत तेच, पण बाटली वेगळी.

"दारू असली की शिकण्यात व्यत्यय येतो," हॅवरकँप म्हणाले. "एकदा पाण्यावर हात बसला, की पुढचं सोपं असतं."

अभ्यासक्रमात शेकडो पेयांच्या कृती होत्या. मेपल फॉर्कमध्ये दोनच पेये पितात. एक बिअर, आणि दुसरे गोड ओल्ड फॅशन्ड, म्हणजे ब्रँडीत साखर, संत्र्याची फोड, चेरी आणि वरून लिंबू-सोडा. पैकी बिअर अभ्यासक्रमात नव्हती, कारण तिला कृती नाही. ओल्ड फॅशन्ड होते, पण व्हिस्कीचे. ब्रँडीच्या ओल्ड फॅशन्डचा समावेश 'प्रादेशिक विकृती' या ऐच्छिक प्रकरणात केलेला होता. ड्युएनला वाईट वाटले. तो त्या विकृतीतच लहानाचा मोठा झाला होता. पण परीक्षेला न येणारे प्रकरण त्याने शहाण्या विद्यार्थ्याप्रमाणे बाजूला ठेवले आणि बाकीचे घोकायला घेतले.

"गॅरेजमध्ये उभा राहून कसली कसली नावं घेत असतो," शेरिल मला म्हणाली. "आधी मला वाटलं बायकांची आहेत. तसं असतं तर निदान काय करायचं ते मला कळलं असतं."

प्रात्यक्षिक परीक्षेला गिऱ्हाईक विद्यार्थ्याने स्वतः आणायचे होते. अर्थातच मी गेलो. ड्युएन गळ्याला काळा बो-टाय लावून काउंटरमागे उभा होता आणि हॅवरकँप हातात पेन घेऊन बाजूला. त्या पेनाने मीच इतका धास्तावलो, की तोंडातून सवयीचेच वाक्य निघून गेले.

"ड्युएन, नेहमीचं दे."

माझे नेहमीचे काय, हे ड्युएनला झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले असते. त्याच्या लग्नात अंगठी मी सांभाळत होतो. ती ऐनवेळी सापडेना तेव्हा माझे नेहमीचे त्यानेच मला आणून दिले होते आणि म्हणाला होता, घे आणि आता शांतपणे खिसे बघ. पण 'नेहमीचं' नावाची कृती पुस्तकात नव्हती. त्याच्या चेहऱ्यावर घाम आला. त्याने हॅवरकँपच्या पेनाकडे पाहिले आणि मग ताठ उभा राहिला.

"सर, आपलं ओळखपत्र बघू."

"अरे, मी वेंडेल."

"हे आपण सांगताय, सर. ओळखपत्राला सांगू द्या."

मी काढून दिले. त्याने ते उजेडात धरले, फोटो आणि चेहरा ताडून पाहिले, आणि सदुसष्ट वर्षांचा मी एकवीस पूर्ण केलेला आहे याची खात्री करून घेतली. मग किंचित झुकून म्हणाला, "आपल्या आवडीनिवडीविषयी थोडं सांगाल का? म्हणजे मला एखादं पेय सुचवता येईल."

हॅवरकँप यांचे डोळे पाणावले. ड्युएन पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाला.

पुढच्या शुक्रवारी तो बो लावून लोर्नाच्या बारमध्ये हजर झाला आणि आत गेला. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर त्याने सगळ्यांकडे ओळखपत्रे मागितली. काहीजण ती आणायला घरी गेले, आणि घरी पोचलेच आहोत तर म्हणून घरीच राहिले. त्यांत चर्चचे पाद्रीही होते. मग त्याने ब्रँडीची बाटली उघडली आणि त्याला ठसका लागला. अभ्यासक्रमात वास नव्हता. पलीकडच्या स्टुलावरचा लॉइड आपला कुत्रा गेल्याचे सांगू लागला. 'दुःखी गिऱ्हाईक' या धड्यात मान तीनदा हलवावी असे दिलेले आहे. ड्युएनने तीनदा हलवली आणि तो पुढच्या माणसाकडे वळला. त्या वेळी लॉइडच्या गोष्टीत कुत्रा अजून जिवंत होता.

मासा गार झाला, तरी निम्म्या ओळीपुढे पेले आले नव्हते. शेवटी लोर्नाने हात पुसले.

"ड्युएन, बाहेर ये."

"काय चुकलं माझं? सगळं पुस्तकाप्रमाणे केलं."

"तुला येत होतं रे," लोर्ना म्हणाली. "आता येईनासं झालंय."

ती चिडून बोलली असती तर एक वेळ परवडले असते. ड्युएनने बो सोडून खिशात घातला आणि तो मागच्या दाराने गेला. मला त्याचे फार वाईट वाटले. मी माझा पेला स्वतः भरून घेतला, तेव्हा तर जास्तच.

ड्युएन तक्रार घेऊन अकादमीत गेला. हॅवरकँप यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"बार मागासलेला आहे, तुम्ही नाही," ते म्हणाले. "आणि नोकरीची हमी आम्ही लेखी देतो. उद्यापासून इथेच शिकवा."

शेरिलची एक पाळी सुटली. ड्युएनला शाळेमुळे नोकरी लागली ही बातमी गिरणीतून सुटलेल्या सगळ्यांपर्यंत पोचली, आणि बातमी खोटी नव्हती. सगळ्यांनी नावे घातली. सगळे उत्तीर्ण झाले. आसपासच्या प्रत्येक बारमध्ये एकेक हार्लन असल्यामुळे त्यांना कुणी घेतले नाही. पण हमी ती हमी, म्हणून अकादमीने त्यांनाही शिक्षक नेमले आणि गाद्यांचे दुकान जोडून घेतले. उत्तीर्ण विद्यार्थ्यांपैकी शंभर टक्के या क्षेत्रात कामाला आहेत असे दारावर मोठ्या अक्षरांत लागले. संध्याकाळी निम्मे मेपल फॉर्क मॉलमध्ये बसून एकमेकांची ओळखपत्रे तपासत पाणी पिऊ लागले. लॉइड मला शपथेवर म्हणाला, की चौथ्या पेल्यानंतर थोडी चढते.

लोर्नाकडची ओळ मात्र विरळ होत गेली. एका शुक्रवारी ओळीत मी एकटाच उरलो. लोर्ना स्वतःच ओतत होती आणि अधूनमधून खांदा चोळत होती. तेवढ्यात हॅवरकँप आत आले. ड्युएनच्या स्टुलावर बसून त्यांनी रंगीत माहितीपत्रके उलगडली.

"तुमच्याकडे गिऱ्हाईक नाही, हे माझ्या कानावर आलं," ते म्हणाले. "आम्ही आता गिऱ्हाइकांचाही अभ्यासक्रम काढतोय. प्रमाणित गिऱ्हाईक. वेळेवर येतं, आवडीनिवडी स्पष्ट सांगतं, कुत्रा थोडक्यात आटोपतं."

लोर्ना ऐकत हात पुसत होती. हात पुसून झाल्यावर तिची नजर सवयीने ओळीवरून फिरली. ओळीत मी आणि हॅवरकँप. माझा तिसरा पेला चालू होता. नजर त्यांच्यावर थांबली.

"उठ. आत ये."

आता हा माणूस काय सांगतो, याकडे माझे लक्ष लागले. रंगीत पाण्याखेरीज त्याने आयुष्यात काही ओतलेले नव्हते. अकादमीच्या भिंतीवरच्या एकाही चौकटीत त्याचे स्वतःचे नाव मी वाचलेले नव्हते. पण 'मला येत नाही' हे वाक्य तो जन्मात कुणाला म्हणाला नव्हता, घरांच्या वेळी नाही आणि कुत्र्यांच्या वेळीही नाही. त्याने बाह्या सारल्या, तो आत गेला आणि मला म्हणाला, "काय, नेहमीचंच ना?"

माझे नेहमीचे काय, याची त्याला गंधवार्ता नव्हती. त्याने लोर्नाकडे पाहिले, तिने डोळ्यांनी ब्रँडी दाखवली. साखर त्याने अंदाजाने टाकली. जास्त झाली होती, मी तसे सांगितले. दुसरा पेला बरोबर जमला. महिनाभरात माणसे परतली, आणि लॉइडने कुत्र्याची गोष्ट शेवटपर्यंत सांगितली.

अकादमीचा संचालक आता ड्युएन आहे. दर शुक्रवारी तो बो लावून माझ्या शेजारी बसतो आणि हॅवरकँपकडे बघत माझ्या कानात कुजबुजतो.

"बाटली धरतो कशी बघ. माझ्याकडे असता तर नापास केला असता."

मी मान हलवतो. ड्युएनचे डोळे बाटलीवर नसतात. ते काउंटरमागच्या त्या हातभर जागेवर असतात. त्याला ती अजून हवी आहे.

गेल्या शुक्रवारी हॅवरकँपने काम सोडत असल्याचे सांगितले. पलीकडच्या जिल्ह्यात विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेसाठी चांगली जागा मिळते आहे म्हणे. ओळ भरलेली होती आणि ओळीतले बहुतेक सगळे प्रमाणपत्रधारक होते. लोर्नाने हात पुसले. तिची नजर फिरली आणि ड्युएनवर थांबली. मी त्याला कोपराने ढोसले. मनापासून ढोसले.

ड्युएनने आपल्या तळहातांकडे पाहिले.

"अगं, माझं ब्रँडीचं ऐच्छिक प्रकरण राहिलंय," तो म्हणाला. "तेवढं करून येतो."

नजर माझ्यावर आली. या माणसाला सुरुवातीपासून हसत आलेला मी, तिला चटकन म्हणालो, "मला कुठे येतं, लोर्ना?"

माझ्या पलीकडच्या स्टुलावर तुम्ही आहात. तिची नजर आता तुमच्यावर थांबली आहे, कारण तुम्ही त्यातल्या त्यात शुद्धीवर दिसता. आणि तुम्ही मान खाली घालून, बारटेंडरची शाळा करावी की नाही, याचीच ही गोष्ट वाचत बसला आहात.