महागूभाऊ म्हशीसाठी रडले

पैज लागली ती महागूभाऊंच्या तोंडामुळे. भरवेलीच्या खाणीतून बाकीचे महागूभाऊ रिटायर झाले होते, तोंड अजून ड्यूटीवर होतं.

शेजारचा वेल्डर प्रेमलाल घरासमोर लोखंडी गेट जोडायला बसला होता. काळ्या काचेचं हेल्मेट चढवता चढवता तो नेहमीसारखा ओरडला, "पाहू नका गा कोणी! डोळे जातीन!"

"तुह्यासारख्याचे जातीन," महागूभाऊ ओट्यावरून म्हणाले. "आम्ही खाणीत सुरुंग पाह्यले. तुही फुलझडी काय चीज आहे?"

"मंग लावा शर्त. गेट होतवरी पाहून दाखवा."

"हौ, लावली! हरन थो उद्या हेच हेल्मेट घालून बाजारातून वांगे आणन. अख्खा बाजार फिरून!"

आतून गोदाबाई, म्हणजे महागूभाऊंची बायको, ओरडली, "अहो, या उमरीत काहून पोरकटपणा करून राह्यले?" पण महागूभाऊ आता मागे फिरणार थोडेच! पाटावर नवरदेव बसावा तसे ते बसले आणि ठिणग्यांकडे टक लावून पाहत राहिले.

गेट झालं. महागूभाऊंना सगळं लख्ख दिसत होतं. "पाह्य, तुह्या नाकावरचा मच्छर बी दिसून राह्यला!" प्रेमलालनं मान खाली घातली. तेवढ्यात रिकामी टोपली घेऊन भाजीवाली तुळसाबाई चालली होती. तिनं सगळं ऐकलं. म्हणजे बाजारात दवंडी पिटायची गरज उरली नाही.

पण वेल्डिंगचा उजेड उधारीवर चालतो. संध्याकाळी वसुलीला आला. आधी डोळ्यांत रेती गेल्यासारखं वाटलं, मग मिरची पडल्यासारखं. महागूभाऊंनी चोळले, तर आणखी आग. घरात सांगायची सोय नव्हती. गोदाबाईला कळलं म्हणजे गल्लीला कळलं, आणि जिंकलेली पैज गेली.

नेमकी त्याच संध्याकाळी गल्लीतल्या भैयालालची म्हैस भुरी मेली. गल्ली जमली. न जाऊन चालणार नव्हतं, कारण भुरीनं महागूभाऊंचा दोडक्याचा वेल खाल्ला तेव्हा ते चारचौघांत बोलून गेले होते, "एक दिवस उंदराची दवा देतो इले!"

भैयालालच्या अंगणात मोठा बल्ब लावला होता. उजेड डोळ्यांवर पडताच महागूभाऊंच्या गालांवरून धारा लागल्या.

"भाऊ, तुम्ही? माह्या भुरीसाठी?" भैयालालनं त्यांना मिठी मारली.

"हौ गा. मोठी गुणाची होती," महागूभाऊ नाक ओढत म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

रडणं काही थांबेना. घरचे लोक डोळे पुसून चहाला लागले, तरी महागूभाऊंचं चालूच. शेवटी म्हातारा पुनाराम म्हणाला, "हे स्वतःची माय मेली तवा बी एवढे नाही रडले."

चहाचे कप थांबले. भैयालालनं मिठी सोडली.

"भाऊ, भुरीले काय खाऊ घातलं तुम्ही?"

"मी? काहीच नाही! आईची शपथ!"

"मंग माह्या डोळ्यात डोळे घालून सांगा."

महागूभाऊंनी प्रयत्न केला. पापण्या उघडेनात.

"पाहा! नजर मिळवत नाही! दवा देतो म्हणे ना? देल्ली दवा!" भैयालाल गरजला. "लावा गा पोलिसाले फोन!"

"अरे थांब!" महागूभाऊ किंचाळले. "म्हशीसाठी नाही रडून राह्यलो बापा! वेल्डिंग पाह्यलं म्हणून डोळे जळून राह्यले. मी... मी शर्त हरलो."

मयताचं अंगण हसून हसून लोळलं. भैयालाल खजील होऊन बकरीचं दूध घेऊन धावला. "टाका डोळ्यात! भुरी असती तं तिचंच देल्लं असतं." एकटा प्रेमलाल हसला नाही. त्यानं दुधाची वाटी बाजूला सारली आणि भाऊंना मोटरसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. त्याचं न हसणंच भाऊंना जास्त लागलं.

"डोळ्याची वरची साल भाजली आहे," डॉक्टर म्हणाले. "चोळलं असेल? बरोबर. आता हात लावू नका, घरचं काही घालू नका. हे थेंब टाका, अंधारात पडून राहा. भरून येईल. पण डोळे काय वेलावरचे दोडके आहेत, पुन्हा येतील म्हणून?"

दोडक्याचं नाव निघताच महागूभाऊंनी मान आणखी खाली घातली.

सकाळी प्रेमलाल म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, मले नाही पाह्यजे वांगे."

"मले पाह्यजे," गोदाबाई म्हणाली. "चला. पण मी तुमच्या मागून येईन. मी तुम्हाले वळखत नाही."

हेल्मेटच्या काळ्या काचेतून काहीच दिसत नव्हतं. हनुवटीखालच्या फटीतून फक्त स्वतःच्या चपला. महागूभाऊ चाचपडत बाजारात शिरले आणि आरोळी आली, "ओ प्रेमलाल! हार गया क्या रे?"

भाऊ चमकले. हेल्मेट प्रेमलालचं, हरल्याची बातमी प्रेमलालची! आतल्या आत त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी वाकून काम करणाऱ्या प्रेमलालसारखं पाठीला पोकसुद्धा काढलं.

"काय गा प्रेमलाल," वांगी तोलत तुळसाबाई म्हणाली, "महागूभाऊनं जिरवली न तुही? वाघ आहे थो! माह्या पोरानं, राकेशनं, आज कामाचा चष्मा घरीच फेकला. ग्राइंडरवर बसते न थो. म्हणे, महागूकाकाले काही होत नाही तं मले काय होते?"

वांगी पिशवीत पडली. निघून जायला काहीच हरकत नव्हती. महागूभाऊ दोन पावलं गेलेही. मग थांबले, वळले आणि त्यांनी भर बाजारात हेल्मेट काढलं.

ऊन लागताच लाल, सुजलेल्या डोळ्यांतून धारा लागल्या. आजूबाजूची घासाघीस बंद पडली.

"मी महागू होय, तुळसाबाई. मीच हरलो. राकेशले आत्ताच्या आत्ता फोन लाव. म्हण, घरून चष्मा नेऊन घाल."

तुळसाबाईनं फोन लावला, पोराला चार शिव्या घातल्या, आणि मग भाऊंकडे निरखून पाहिलं.

"अग माय! म्हणजे ऐकलं थे खरंच! भैयालालच्या म्हशीसाठी अजून रडूनच राह्यले का, भाऊ?"

महागूभाऊंनी पिशवी खांद्याला लावली.

"नाही व बाई. म्हशीचं काल झालं. आज या बैलासाठी रडून राह्यलो."