सेफ्टीपिनवाल्याची गिटार

नवीकोरी गिटार अंगणात ठेवून तिला पेटत्या उदबत्तीने चटके देणारा माणूस मी बबनरावांशिवाय दुसरा पाहिला नाही.

"काहून जाळून राहिले गा?" मी विचारलं.

"फोटोतल्या गिटारीवर डाग हायेत. वाजवणाऱ्यानं सिगारेट विझवली असंल. मी सिगारेट ओढत नाही."

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. सक्करदऱ्याला माझं जुन्या सामानाचं दुकान, समोर बबनरावांचं घर. नोकरी वीज खात्यात. छंद, विलायतेतल्या पंक रॉकवाल्यांच्या इलेक्ट्रिक गिटारींच्या हुबेहूब नकला जमवायचा. विकत कुठे मिळणार? स्वतःच बनवायचे. लाकूड माझ्याकडच्या मोडक्या पलंगांचं, चुंबक जुन्या रेडिओचे, फोटो माझ्याच रद्दीतल्या परदेशी मासिकांतले. वादकांची नावं जिभेवर बसत नसत, म्हणून एक सेफ्टीपिनवाला, एक फाटक्या बनियनवाला, एक उभ्या टोकदार केसांचा साळिंदर. भिंतभर गिटारी, पण वीज खात्यातल्या माणसाने एकीलाही कधी वीज लावली नाही.

साळिंदराच्या गिटारीवर त्यांनी तिरपा काळा पट्टा रंगवला होता. मी फोटो निरखून पाहिला. पट्टा कसला, माईकच्या दांड्याची सावली!

"त्याच्या गिटारीवर पडली, त माझ्या गिटारीवर काहून नाही पडाची?" बबनराव म्हणाले.

या वेडाला मी हसायचो; राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. कुही गावाहून एक हातगाडी घेऊन आलेला मी माणूस. सौदा करायला बसलो की रिकाम्या हाताने उठत नाही. एका ऑर्केस्ट्रावाल्याला सेफ्टीपिनवाल्याची गिटार आवडली आणि मी शब्द देऊन बसलो. बबनरावांना भाव सांगितला, वाढवला, वर सागवानी कपाट देऊ केलं.

"नाही विकाची."

भर गल्लीत! चहावाला फिदीफिदी हसला. मी भडकलो. "माझ्या पलंगाचं लाकूड, माझ्या रद्दीतला फोटो, अन् मलेच नाही?"

"पलंग मी विकत घेतला, भाऊ. फोटो तुम्ही फुकट देल्ला. भाव करता येत नाही का तुम्हाले?"

हे मला!

नवरा अडला की बायकोशी बोलावं, हा माझा धंद्यातला नेम. सुमनवहिनींचे कान तापात गेलेले, पण भाव बोटांनीही सांगता येतो. रविवारी दुपारी गेलो, तर दार उघडंच होतं. वहिनी तीच गिटार छातीशी कवटाळून बसल्या होत्या, डोळे मिटून. समोर बसलेले बबनराव दात-ओठ खाऊन तारा ठोकत होते. वहिनींचा पाय ताल धरत होता.

मला पाहून दोघं थांबले. सवयीने मी गिटार उलटी करून पाहिली. पुढून चटके, ओरखडे, टवके. मागून मात्र घासून घासून रेशमासारखी केलेली.

"मागची बाजू फोटोत नसते," बबनराव खाली बघत म्हणाले. "ते हिची. गाण्याची लई हौस व्हती हिले. बाकीचे वाजवणारे तारेवर बोटं फिरवते. हे पंकवाले ठोकते. हिच्यापर्यंत तेवढंच पोचते."

वहिनींनी मला खूण केली, छातीशी धरा. मी धरली. बबनरावांनी तार ठोकली आणि माझ्या बरगड्या झणझणल्या.

बाहेर ऑर्केस्ट्रावाला वाट पाहत उभा होता. "काय झालं भाऊ, जमला का सौदा?"

"कायचा सौदा बे!" मी त्याच्यावर खेकसलो. "समोरून पुरा जळला हाये माल. चाल, तुले दुसरं काही दाखवतो."